हाड पाच आठवड्यांत जुळलं, मग टाचेमागची शीर का नाही?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. वडील ६१ वर्षांचे. एसटी पकडायला धावले आणि टाचेमागची शीर तुटली. पाय पूर्ववत व्हायला वर्ष लागेल, असं डॉक्टर म्हणाले. शेजारच्या आठ वर्षांच्या मुलाचं मनगटाजवळचं हाड मोडलं होतं, ते मात्र पाच आठवड्यांत जुळलं. इकडे मुलीच्या नववीच्या पुस्तकात हाड, शीर, चरबी, कूर्चा आणि रक्तसुद्धा ‘संयोजी ऊती’ (कनेक्टिव्ह टिश्यू) या एकाच नावाखाली दिलंय. एकाच जातीचे असतील तर एक लवकर आणि एक उशिरा का? आणि रक्तासारखी वाहती गोष्ट त्यात आली कशी?

मी अस्थिरोगतज्ज्ञ आहे. त्याआधी शरीररचनाशास्त्र विभागात ट्यूटर होते, तेव्हा हा धडा बरेचदा शिकवलाय. माझ्या मते तो शिकवायला हवा तसा शिकवला जात नाही. मुलं प्रकारांची यादी पाठ करतात आणि त्या यादीमागचं कारण त्यांना कुणी सांगत नाही. म्हणून आधी कारण सांगते. वडिलांच्या पायाचं उत्तरही त्यातूनच निघेल.

त्वचेचा वरचा थर, आतड्याचं अस्तर, स्नायू, मेंदू या सगळ्यांत पेशी एकमेकींना खेटून असतात आणि काम पेशीच करतात. संयोजी ऊतींत उलट आहे. इथे पेशी थोड्या आणि विखुरलेल्या. त्यांच्या मधल्या जागेत जे भरलेलं असतं, त्याला पुस्तकात ‘आधारक’ म्हणतात, आणि खरं काम हा आधारकच करतो. पेशींचं काम तो तयार करायचं आणि त्याची डागडुजी करायचं. आधारकात दोन गोष्टी: तंतू, आणि तंतूंच्या मधलं पाणी धरून ठेवणारं बुळबुळीत द्रव्य. हा आधारक चुन्याच्या क्षारांनी कडक झाला की हाड. घट्ट जेलीसारखा लवचिक राहिला की कूर्चा, म्हणजे पुस्तकातली कास्थी. तंतू दोरखंडासारखे एका दिशेने वळले की शीर, म्हणजे स्नायुरज्जू किंवा टेंडन. आधारक पातळ, वाहता असला की रक्त. गर्भात या सगळ्यांचं मूळही एकच, मधल्या थरातून निघालेल्या पेशी. नाव एक असण्याचं कारण एवढंच.

रक्तातला आधारक म्हणजे प्लाझ्मा. ‘पण रक्तात तंतू कुठे आहेत?’ हा प्रश्न वर्गात दरवर्षी कुणीतरी विचारायचं आणि मला तो फार आवडायचा. तंतू असतात, फक्त विरघळलेल्या रूपात. फायब्रिनोजेन नावाचं प्रथिन रक्तात फिरत असतं. जखम झाली की त्याचे धागे होतात, त्यांचं जाळं विणलं जातं आणि रक्त गोठतं. मोडलेलं हाड जुळायची सुरुवातही या गोठलेल्या रक्तापासूनच होते. हाड मोडल्यावर तिथे साकळलेलं रक्त म्हणजे पहिली पायाभरणी असते.

आता तंतूंविषयी, कारण तुमच्या प्रश्नाचा गाभा तिथेच आहे. मुख्य तंतू कोलॅजनचा. शरीरातल्या एकूण प्रथिनांपैकी पाव हिस्सा किंवा त्याहून थोडं जास्त प्रथिन हे एकच. तीन साखळ्या एकमेकींभोवती पीळ घालून त्याचा धागा होतो, सुंभाच्या तीन पदरी दोरीसारखा. ही रचना मद्रास विद्यापीठात जी. एन. रामचंद्रन आणि गोपीनाथ कर्था यांनी १९५४-५५मध्ये उलगडली. त्यासाठी त्यांनी कांगारूच्या शेपटीतल्या टेंडनचे क्ष-किरण नमुने वापरले होते. आपल्या देशात, मोजक्या साधनांवर झालेलं हे पहिल्या प्रतीचं काम आहे आणि मुलीला ते जरूर सांगा. नववीच्या मुलांना त्यांचं नाव माहीत असायलाच हवं.

हा पीळ घट्ट बसायला ‘क’ जीवनसत्त्व लागतं. ते नसलं की धागे कच्चे राहतात, हिरड्यांतून रक्त येतं, जखमा भरत नाहीत. हाच स्कर्व्ही. जेम्स लिंड या नौदलातल्या डॉक्टरने १७४७मध्ये १२ आजारी खलाशांच्या सहा जोड्या करून प्रत्येक जोडीला वेगळा उपाय दिला आणि संत्री-लिंबू मिळालेली जोडी झपाट्याने सुधारली, हे अनेकांना ठाऊक असतं. मला त्याहून महत्त्वाची वाटते ती थोडी आधीची नोंद. अ‍ॅन्सन या इंग्रज सेनानीच्या ताफ्याने १७४० ते १७४४ दरम्यान पृथ्वीप्रदक्षिणा केली, त्या वेळची. एका खलाशाला पन्नास वर्षांपूर्वी लढाईत जखमा झाल्या होत्या, हाडही मोडलं होतं, आणि सगळं केव्हाच भरून आलं होतं. स्कर्व्ही झाल्यावर त्या जुन्या जखमा पुन्हा उघडल्या आणि जुळलेलं हाड पुन्हा सुटलं.

पन्नास वर्षांपूर्वीचा व्रण उघडतो, याचा अर्थ तो व्रण कधी ‘पूर्ण’ झालेलाच नव्हता. शरीर त्यातले धागे रोज काढत होतं, रोज नवे घालत होतं. नवे घालणं थांबलं आणि उसवण चालूच राहिली. हाडाचंही तसंच. प्रौढ माणसाच्या सांगाड्यातला साधारण १० टक्के भाग दरवर्षी खरवडून नवा घातला जातो. बाहेरून दगडासारखं दिसणारं हाड ही शरीरातली फार वर्दळीची जागा आहे. आत रक्तवाहिन्यांचे बारीक बोगदे असतात, त्यांच्याभोवती गोल थर असतात आणि थराथरांत अडकलेल्या पेशी केसाहून बारीक वाटांनी एकमेकींशी जोडलेल्या असतात. हाड मोडलं की गवंडी, सामान आणि रस्ता तिन्ही तिथे आधीच हजर असतात. म्हणून ते जुळतं, आणि जुळताना व्रण न ठेवता पुन्हा हाडच बनतं. आठ वर्षांच्या मुलात तर वाढ चालूच असते, त्याच्या हाडाभोवतीचं आवरण जाड आणि कामसू असतं. पाच आठवडे हा त्याच्यासाठी अगदी रीतसर हिशोब आहे.

हाडात दोन वस्तू मिसळलेल्या आहेत, हे मुलीला घरीच दाखवता येईल. कोंबडीच्या तंगडीचं स्वच्छ केलेलं हाड व्हिनेगरमध्ये बुडवून ठेवा आणि मधूनमधून व्हिनेगर बदला. काही दिवसांत क्षार विरघळतात आणि हाड रबरासारखं वाकतं. आकार तसाच, कडकपणा गेलेला. उरलं ते कोलॅजन. आम्ही विभागात माणसाच्या पायातलं बारीक हाड सौम्य आम्लात ठेवायचो आणि मुलं त्याला चक्क गाठ मारायची. याच्या उलट काय होतं, ते आपल्यापैकी बऱ्याच जणांनी स्मशानात पाहिलंय. अस्थी वेचताना बोटांत धरलेला तुकडा सहज चुरतो. कारण तिथे कोलॅजन जळून गेलंय आणि नुसते क्षार उरलेत. माझ्या आजीच्या अस्थी वेचताना मी मेडिकलच्या दुसऱ्या वर्षाला होते. हाड म्हणजे क्षार आणि कोलॅजन, हे आदल्या महिन्यात पाठ केलेलं वाक्य त्या दिवशी मला पहिल्यांदा समजलं.

आता टाचेमागची शीर. तिला जुन्या मराठीत धोंडशीर म्हणतात. इंग्रजीतून आलेलं नाव अकिलीस टेंडन. ‘शीर’ म्हटल्यामुळे अनेकांना ती रक्तवाहिनी किंवा नस वाटते. ती यांपैकी काहीच नाही. पोटरीचा स्नायू टाचेच्या हाडाला ज्या दोरखंडाने बांधलेला आहे, तो दोरखंड म्हणजे ही शीर. शरीरातलं सर्वांत जाड टेंडन. कोलॅजनचे तंतू सगळे एका दिशेने, अगदी शेजारी शेजारी, आणि त्यांच्या ओळींमध्ये चेपून बसलेल्या मोजक्या पेशी. धावताना तिच्यावर शरीराच्या वजनाच्या कित्येक पट ताण येतो आणि ती तो सहज घेते. पण एका दिशेने एवढं बळ कमावण्यासाठी तिने पेशी आणि रक्तवाहिन्या या दोन्हींची जागा तंतूंना दिलेली असते. टाचेच्या हाडापासून साधारण २ ते ६ सेंटिमीटर वरच्या भागात रक्तपुरवठा सर्वांत कमी, आणि बहुतेक वेळा ती नेमकी तिथेच तुटते.

ही शीर किती संथ आहे, याचा पुरावा फार विलक्षण मार्गाने मिळाला. १९५० आणि ६०च्या दशकांत अण्वस्त्रांच्या उघड्या चाचण्या झाल्या आणि हवेतला किरणोत्सारी कार्बन-१४ एकदम वाढला. पुढे चाचण्या थांबल्यावर तो हळूहळू उतरत गेला. त्या काळात शरीरात जे बनलं, त्यावर त्या वर्षाचा शिक्का बसला. डेन्मार्कमधल्या संशोधकांनी २०१३मध्ये प्रौढांच्या अकिलीस टेंडनमधला हा शिक्का वाचला. टेंडनचा गाभा साधारण सतराव्या वर्षापर्यंत तयार होतो आणि त्यानंतर जवळजवळ बदलतच नाही, असं त्यांना आढळलं. म्हणजे तुमच्या वडिलांच्या पायातला तो दोरखंड त्यांच्या कॉलेजच्या दिवसांतला होता. चाळीसेक वर्षं तोच चालला.

अशी वस्तू तुटली की काय होतं? गवंडी आतून येत नाहीत. आजूबाजूच्या आवरणातून आणि बाहेरच्या रक्तवाहिन्यांतून त्यांना यावं लागतं. पहिल्या काही आठवड्यांत ते जे घालतात ते तात्पुरतं काम असतं, बारीक, अस्ताव्यस्त धाग्यांचं, तिसऱ्या प्रकारच्या कोलॅजनचं. पुढचे कित्येक महिने ते काढून तिथे पहिल्या प्रकारचं जाड कोलॅजन घातलं जातं आणि ते ताणाच्या दिशेने लावलं जातं. ‘ताणाच्या दिशेने’ हे महत्त्वाचं. धाग्यांना दिशा कळते ती फक्त खेचलं गेल्यावर. पाय महिनोन् महिने प्लास्टरमध्ये निपचित ठेवला तर धागे कसेही लागतात. लवकर आणि जास्त खेचला तर कच्चं काम तुटतं किंवा लांब होतं. लांब झालेली शीर जुळूनही कामाची राहत नाही, पोटरीला जोरच लावता येत नाही. वर्षभराचा हिशोब आहे तो या दोन चुकांच्या मधून जाण्याचा.

एक तरुण रुग्ण मला अजून आठवतो. बॅडमिंटन खेळताना शीर तुटलेली, शस्त्रक्रिया उत्तम झालेली. सातव्या आठवड्यात दुखणं पूर्ण थांबलं म्हणून त्याने टाच उंच ठेवणारा बूट काढून ठेवला आणि दोन पायऱ्या एकदम उतरला. पुन्हा तुटली. दुखणं थांबणं आणि शीर पक्की होणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्याला मी एकदाच आणि घाईत सांगितलं होतं. तेव्हापासून मी ते प्रत्येक भेटीला सांगते. पुन्हा तुटण्याचा धोका सर्वाधिक असतो तो पहिल्या तीन महिन्यांत.

यादीतले बाकीचे प्रकारही याच नजरेने बघा.

अस्थिबंध, म्हणजे लिगामेंट, हाडाला हाड बांधतो. रचना टेंडनसारखीच, फक्त तंतू थोडे आडवेतिडवे आणि काही ठिकाणी लवचिक तंतू जास्त. गुडघ्याच्या आतल्या बाजूचा अस्थिबंध बहुतेकदा पट्ट्यावर आणि व्यायामावर भरून येतो. गुडघ्याच्या पोटातला पुढचा तिरका अस्थिबंध, ज्याला लोक आता सर्रास एसीएल म्हणतात, तो पूर्ण तुटला तर सहसा आपोआप भरत नाही, कारण तो सांध्याच्या वंगणात बुडालेला असतो आणि तिथे रक्ताची गाठ टिकून पाया घालूच शकत नाही. पाठीच्या मणक्यांमध्ये पिवळ्या रंगाचे अस्थिबंध असतात. हा रंग लवचिक तंतूंचा, इलॅस्टिनचा. कमरेत भूल देताना सुई त्यातून पार होते तेव्हा भूलतज्ज्ञाच्या बोटांना तो क्षण स्पष्ट कळतो. महारोहिणीच्या, म्हणजे हृदयातून निघणाऱ्या मुख्य रक्तवाहिनीच्या, भिंतीतही हेच लवचिक तंतू थराथराने असतात. मार्फन या जन्मजात आजारात त्यांना आधार देणारं एक प्रथिन सदोष असतं. अशी माणसं उंच, लांब बोटांची असतात आणि खरा धोका त्यांच्या महारोहिणीला असतो. अशा मुलांच्या हृदयाची नियमित तपासणी व्हायलाच हवी.

त्वचेच्या खालच्या थरात कोलॅजनचे जाड तंतू सगळ्या दिशांनी गुंतलेले असतात, कारण त्वचा कुठूनही ओढली जाऊ शकते. कोल्हापुरी चप्पल हातात घ्या. तुम्ही धरलंय ते हेच. जनावराच्या कातड्याचे वरचे केस आणि खालचा मऊ भाग काढून टाकला की उरतो तो हा थर. बाभळीची साल आणि हिरडा यांच्यातलं टॅनिन कोलॅजनला घट्ट चिकटतं आणि मग ते कुजत नाही. कातडं कमावणाऱ्या लोकांना या ऊतीचं ज्ञान सूक्ष्मदर्शकाच्या कितीतरी आधीपासून होतं, हाताने मिळवलेलं.

विरल ऊती म्हणजे कोंबडीचं कातडं ओढताना मांसापासून सुटणारा ओला, पांढरट, कोळ्याच्या जाळ्यासारखा पापुद्रा. तंतू सैल, द्रव्य भरपूर. इन्सुलिनचं इंजेक्शन आपण त्वचेखालच्या याच सैल आणि चरबीच्या थरात देतो. पाय सुजल्यावर बोटाने दाबलं की खळगा पडतो, तो यातलं पाणी बाजूला सरल्यामुळे. मधमाशी चावल्यावर फुगतं तेही इथेच. काही जंतू आणि सापाचं विष या द्रव्याला पातळ करणारं विकर (एन्झाइम) घेऊनच येतात, म्हणून इथला संसर्ग झरझर पसरतो.

चरबी ही एकच अशी की जिच्यात पेशीच जागा व्यापतात आणि आधारक नावापुरता. टाचेखालच्या चरबीच्या उशा, डोळ्यामागची गादी, मूत्रपिंडाभोवतीचं वेष्टन या फार उपयोगी जागा आहेत. चरबी नुसतं कोठार नाही, ती भूक आवरणारं संप्रेरकही स्रवते. लेप्टिन नावाचं हे संप्रेरक १९९४मध्ये सापडलं. प्लीहा, लसिका ग्रंथी आणि अस्थिमज्जा यांच्या आत बारीक तंतूंचं जाळं असतं, ती जालिकामय ऊती. मुलीला परीक्षेपुरतं एवढं पुरे.

कूर्चेसाठी मात्र थांबायला हवं, कारण घरोघरी दुखणाऱ्या गुडघ्यांचा प्रश्न तिच्यात आहे. तंगडी खाताना हाडाच्या टोकाला जी निळसर पांढरी, चकचकीत, कुरकुरीत टोपी लागते, ती कूर्चा. माणसाच्या गुडघ्यात ती काही मिलिमीटरच जाड. कानाच्या पाळीवरच्या भागात लवचिक तंतूंची कूर्चा असते, म्हणून कान दुमडून सोडला की सरळ होतो. मणक्यांमधल्या चकत्यांत आणि गुडघ्याच्या गाद्यांत तंतू ठासून भरलेले, ती तंतुमय कूर्चा. तिन्हींत रक्तवाहिन्या जवळजवळ नाहीत. गुडघ्याच्या गादीला बाहेरच्या कडेला थोडं रक्त मिळतं, म्हणून तिथली फाटलेली गादी शिवता येते. आतल्या कडेची शिवून उपयोग नसतो.

हाडावरच्या कूर्चेला अन्न मिळतं ते सांध्याच्या वंगणातून. चालताना ती स्पंजासारखी दाबली जाते आणि सुटते, त्या पंपावर तिचं पोट भरतं. म्हणून गुडघा दुखतो म्हणून चालणंच सोडणं हा सल्ला मला मुळीच मान्य नाही. तिच्यात नसाही नाहीत, त्यामुळे ती झिजत असताना दुखत नाही. दुखतं ते बरंच झिजल्यावर, आजूबाजूच्या भागांना. विल्यम हंटर या शल्यवैद्याने १७४३मध्येच लिहून ठेवलं होतं की नष्ट झालेली कूर्चा पुन्हा येत नाही. पावणेतीनशे वर्षांनंतर काही जागी पेशींचं रोपण करता येतं, पण सबंध झिजलेल्या गुडघ्याला नवी कूर्चा देणं आजही आमच्या हातात नाही.

इथे लोक पाया सूप आणि कोलॅजनच्या पावडरीबद्दल विचारतात. तुम्हीही कदाचित वडिलांना देत असाल. पायाच्या रश्श्याला थंड झाल्यावर येणारी जेली हे खरंच कोलॅजन, उकळून पीळ सुटलेलं. पण पोटात गेल्यावर त्याचे बारीक तुकडे होतात, आणि ते सरळ टाचेपाशी जाऊन बसत नाहीत. आवडत असेल तर खुशाल द्या. महागडी पावडर घ्यायचे पैसे मी अंडी, डाळ, दूध, पेरू आणि आवळा यांवर खर्च करीन, आणि उरलेले चांगल्या फिजिओथेरपिस्टवर. तंबाखू मात्र बंदच. तिने रक्तवाहिन्या आकसतात, आणि या शिरेला मिळणारं रक्त मुळातच थोडं आहे.

वडिलांसाठी ढोबळ वेळापत्रक सांगते. नेमकं वेळापत्रक त्यांचे डॉक्टरच ठरवतील. टाच उंच ठेवणारा बूट साधारण ८ ते १२ आठवडे. त्यात वजन टाकायला कधी सुरुवात करायची ते विचारा. आजकाल आम्ही ती बरीच लवकर करतो. टाच पायरीच्या कडेखाली सोडून पोटरी ताणणं पहिल्या तीन महिन्यांत अजिबात नको, कुणी मालिश करणाऱ्याने सांगितलं तरी. पुढे दोन्ही पायांवर टाचा उचलणं, मग वजन हळूहळू एका पायावर नेणं. शीर तुटलेल्या त्या एकाच पायावर उभं राहून टाच वर उचलता आली की शीर आणि पोटरी कामाला लागली असं समजावं. त्यांच्या वयात याला सहा-आठ महिने लागले तर घाबरू नका. पोटरी दुसऱ्या पायापेक्षा थोडी बारीकच राहील, तेही अपेक्षित आहे.

आणि एक गोष्ट आजच विचारा. शीर तुटण्याच्या आधीच्या काही आठवड्यांत त्यांनी लघवीच्या किंवा छातीच्या संसर्गासाठी सिप्रोफ्लॉक्सासिन, लिव्होफ्लॉक्सासिन किंवा त्या गटातलं दुसरं प्रतिजैविक घेतलं होतं का? दम्यासाठी किंवा सांधेदुखीसाठी स्टेरॉइडच्या गोळ्या चालू होत्या का? साठीनंतर या औषधांनी, विशेषतः दोन्ही एकत्र घेतली तर, टेंडन तुटण्याचा धोका वाढतो. उत्तर ‘हो’ असेल तर त्यांच्या फाइलीवर पहिल्या पानावर मोठ्या अक्षरांत लिहून घ्या. दुसरी टाच अजून शाबूत आहे.